सरफेस नीट साफ आणि निर्जंतुक कसा करायचा: अगदी पहिल्यापासून

बहुतेक जण काय करतात, डिसइन्फेक्टंटचा स्प्रे मारतात आणि लगेच फडक्याने पुसून मोकळे होतात. वास छान येतो, चमक येते, पण तेवढ्या दोन सेकंदांत जंतू हवे तेवढे मरत नाहीत आणि मळ तर निम्मा तिथेच पसरून बसलेला असतो. मला हा विषय खूप महत्त्वाचा वाटतो कारण यात महागडं काही लागत नाही, फक्त क्रम बरोबर लागतो: आधी मळ उचलून न्यायचा, मग गरज असेल तर जंतू मारायचे, आणि मारायला वेळ द्यायचा. हा क्रम चुकला की भारीतलं केमिकलही फुकट जातं.

सुरुवातीला चार शब्द क्लिअर करून घेऊ, कारण लेबलवर हे सगळे शब्द सापडतात आणि लोक ते एकच समजतात. क्लीनिंग म्हणजे मळ, धूळ, तेल आणि त्याच्याबरोबर बरेचसे जंतू सरफेसवरून काढून टाकणं, मारणं नाही. सॅनिटायझिंग म्हणजे जंतूंची संख्या सुरक्षित पातळीपर्यंत खाली आणणं. डिसइन्फेक्शन म्हणजे आजार करणारे बहुतेक जंतू मारणं, पण काही बॅक्टेरियांचे जे कवचवाले स्पोअर्स असतात ते यातून वाचू शकतात. आणि स्टरिलायझेशन म्हणजे काहीही जिवंत न ठेवणं, ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालच्या वाफेत होतं, टेबलावर फडकं फिरवून होत नाही.

आता बाटलीवर लिहितात ते 'मारतं ९९.९ टक्के जंतू'. ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब करून बघा. एखाद्या मळकट जागेवर १ कोटी बॅक्टेरिया असतील तर ९९.९ टक्के मेल्यावरही १० हजार उरतात. तीच जागा आधी डिटर्जंटने धुतली आणि समजा संख्या १ लाखावर आली, तर त्याच केमिकलनंतर १०० उरतील. शिवाय ते ९९.९ लॅबमधल्या ठराविक टेस्टमध्ये ठराविक मिनिटांसाठी मोजलेलं असतं, ओशट बटणावर झटक्यात फिरवलेल्या फडक्यासाठी नाही.

पायरी १: नक्की काय काढायचंय ते ओळखा

सगळा मळ एका जातीचा नसतो आणि एका बाटलीने सगळा जात नाही. बोट फिरवून बघा (ग्लोव्ह घालून). बोट घसरतं आणि ठसा उमटतो म्हणजे तेलकट, त्याला अल्कलाइन क्लीनर किंवा साधा डिटर्जंट. खरखरीत पांढरट थर लागतो, नळाच्या भोवती असतो तसा, म्हणजे पाण्यातले क्षार, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि त्याला ॲसिड लागतं, म्हणजे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. एक थेंब टाकल्यावर बारीक फेस आला तर तेच आहे, तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. क्षारांच्या थरावर डिटर्जंट घेऊन कितीही घासलं तरी हात दुखतील, थर हलणार नाही.

रक्त, दूध, अन्न, घाम हे प्रोटीनवाले मळ. यांना गार पाण्याने सुरुवात करायची, गरम पाणी आधी ओतलं की प्रोटीन तिथेच गोठून घट्ट बसतं आणि मग डाग निघता निघत नाही. प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारं एन्झाइम असलेला डिटर्जंट इथे उत्तम काम करतो, पण त्याला वेळ लागतो आणि उकळत्या पाण्यात एन्झाइम स्वतःच निकामी होतं. गोंद, शाई, स्टिकरचा चिकटपणा यांना सॉल्व्हंट लागतो, बहुतेक वेळा अल्कोहोलने भागतं.

आणि एक गोष्ट नवीन लोकांच्या डोक्यात येतच नाही. दूषित म्हणजे नेहमी जंतूच असं नाही. जुन्या रंगाची शिसं असलेली धूळ, कीटकनाशक, कुठलं तरी सांडलेलं केमिकल, यांच्यावर डिसइन्फेक्टंट मारून काही उपयोग नाही, कारण तिथे मारायला काही जिवंत नाहीच. ते उचलूनच न्यावं लागतं, ओल्या फडक्याने, आणि ते फडकं पुन्हा दुसरीकडे वापरायचं नाही.

पायरी २: सरफेस कशाचा आहे?

संगमरवर आणि चुनखडीचा दगड हेही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे जे ॲसिड क्षार खातं तेच दगडही खातं, पॉलिश जाऊन धुरकट डाग पडतो आणि तो मळाचा नसल्यामुळे पुसून जात नाही. ॲल्युमिनियमला तीव्र अल्कली चालत नाही, काळं पडतं. स्टेनलेस स्टीलवर ब्लीच (क्लोरीनवालं लिक्विड) वाळू दिलं की क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडायला लागतात, म्हणून वापरलंच तर ठरलेल्या वेळानंतर पाण्याने पुसून काढायचं. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटसारख्या पारदर्शक प्लास्टिकला ॲसिटोन अजिबात लावू नका, अल्कोहोलनेही काही वेळा केसासारख्या बारीक भेगा पडतात.

लाकूड, उघडं सिमेंट, कापड, जिप्समचा बोर्ड हे सच्छिद्र. वरून कितीही केमिकल लावलं तरी आतल्या छिद्रांत काय झालं ते सांगता येत नाही, त्यामुळे अशा जागेबद्दल निर्जंतुक हा शब्द मी तरी वापरणार नाही. जी जागा खरोखर डिसइन्फेक्ट करायची तिचा सरफेस कडक आणि न शोषणारा हवा.

नवीन केमिकल असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं लावून दहा मिनिटं थांबा. हे सगळे सांगतात आणि कुणीच करत नाही, तुम्ही करा.

पायरी ३: बाटली उघडायच्या आधी

ग्लोव्ह्ज, खिडकी उघडी, आणि खाली लिहिलंय ते कायमचं लक्षात ठेवा. पूर्ण लेखातला हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. ॲसिड म्हणजे फक्त मोठ्या बाटलीतलं नाही, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, टॉयलेट क्लीनर, क्षार काढायचे लिक्विड, सगळं त्यात आलं. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन वायू, आणि अमोनिया काही काचेच्या क्लीनरमध्ये असतो, शिळ्या लघवीतही असतो, म्हणून तशा जागेवर थेट ब्लीच ओतायचं नाही, आधी पाण्याने धुवायचं. ब्लीच आणि अल्कोहोल यांच्यातून क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत घातलं तर पेरॲसिटिक ॲसिड बनतं जे डोळे आणि फुप्फुसं दोन्हीला झोंबतं. दोन चांगल्या गोष्टी मिसळल्या तर डबल चांगलं होईल हा विचारच इथे सोडून द्या. एकदा एक केमिकल, मग भरपूर पाणी, मगच दुसरं.

चुकून मिसळलंच आणि घशाला झोंबायला लागलं तर ते निस्तरत बसू नका, बाहेर मोकळ्या हवेत जा, बाकीच्यांनाही बाहेर काढा, श्वासाला त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरकडे.

स्प्रेबद्दलही सांगतो. हवेत फवारा मारला की बारीक थेंब श्वासातून आत जातात, दमा असणाऱ्यांना तर फारच त्रास होतो. शक्यतो केमिकल फडक्यावर ओता आणि फडक्याने ती जागा चांगली ओली करा. आणि कुठलंही केमिकल पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका, लेबल लावलं असलं तरी नको, लहान मुलं लेबल वाचत नाहीत.

पायरी ४: कोरडं आधी

धूळ आधी काढायची, नाहीतर पाणी लागलं की तिचा चिखल होतो. पण झटकायची नाही. कणाला सरफेसशी धरून ठेवणारा जोर त्याच्या व्यासाच्या प्रमाणात असतो आणि वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे कण दहापट लहान झाला तर चिकटण्याचा जोर दहापटच कमी होतो पण वजन हजारपट कमी होतं. म्हणून मोठी धूळ झटकून पडते आणि काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण फुंकर मारली तरी जागचे हलत नाहीत, आणि हलले तर हवेत तासन् तास तरंगून पुन्हा तिथेच येऊन बसतात. किंचित ओलसर मायक्रोफायबर घ्या, किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्युम, हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवणारा. वरून खाली या.

पायरी ५: धुणं, खरं काम इथेच आहे

डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. पाण्यात पुरेसे रेणू झाले की ते गोळा होऊन छोटे गोल बनवतात, त्यांना मिसेल म्हणतात, तेलकट टोकं आत आणि पाण्याची टोकं बाहेर, आणि मळातलं तेल त्या गोलांच्या आत अडकून पाण्याबरोबर निघून जातं. याच गुणामुळे कोरोना, फ्लू अशा चरबीचं आवरण असलेल्या व्हायरसांचं आवरण साबणानेच फाटतं, वेगळं काही मारावं लागत नाही.

पण मिसेल बनायला जेवढं लागतं त्याच्यावर अजून डिटर्जंट ओतून फार फरक पडत नाही, उलट तो नंतर सरफेसवर चिकट थर म्हणून राहतो आणि तो थर नवीन धूळ ओढून घेतो. काल पुसलेलं आज पुन्हा कळकट का दिसतंय याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साध्या साबणाचा कॅल्शियमबरोबर न विरघळणारा पांढरट साका होतो, बाथरूमच्या टाइल्सवर जो चढतो तोच. सिंथेटिक डिटर्जंटला हा त्रास पुष्कळ कमी होतो, म्हणून सरफेससाठी साबणापेक्षा डिटर्जंट बरा.

हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन केमिस्टने १९५९ मध्ये स्वच्छतेचा सगळा कारभार चार गोष्टींत बसवला: केमिकल, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर बाकीच्या वाढवायला लागतात. मला हे फार आवडतं कारण व्यवहारात ते लगेच उपयोगी पडतं. नाजूक सरफेस आहे, घासता येत नाही? मग वेळ वाढवा. तीव्र केमिकल नको? कोमट पाणी घ्या आणि थोडं जास्त घासा. आणि या चौघांतली फुकट गोष्ट म्हणजे वेळ, जी आपण सगळ्यात कमी वापरतो.

एक उदाहरण जवळून बघू. स्टोव्हच्या मागच्या टाइल्सवर पिवळट मेणचट थर चढलेला असतो, जुनं तेल हवेने आणि उष्णतेने घट्ट होऊन तसं झालेलं असतं. सरळ स्क्रबर घेऊन भिडलात तर घाम निघतो आणि टाइलवर ओरखडे येतात. त्याऐवजी कोमट पाण्यात डिटर्जंट घ्या, टिश्यू किंवा पातळ फडकं त्यात भिजवून टाइलवर चिकटवा आणि दहा मिनिटं तिथून निघून जा. ओघळून न जाता पाणी तिथेच राहतं. परत आल्यावर फडकं काढलं की खालचा थर मऊ झालेला दिसतो, नखाने सुद्धा सरकतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने ढकलून काढायचा आणि उरलेलं पुन्हा डिटर्जंटने. थर जाड असेल तर हेच दोनदा करा.

पायरी ६: पाण्याने काढून टाका

ही पायरी लोक गाळतात. डिटर्जंट लावलं, मळ सुटला, पण तो मळ आणि डिटर्जंट तिथेच वाळला तर काय मिळवलं? स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसा, दरवेळी पाणी बदलून. पुढे क्वाट (बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं डिसइन्फेक्टंट) वापरणार असाल तर हे अजूनच गरजेचं, कारण क्वाटवर धन भार असतो आणि साबण आणि बऱ्याच डिटर्जंटवर ऋण भार असतो, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि दोघंही निकामी होतात.

पायरी ७: मारायची गरज आहे का, आणि कुणाला?

रोज घरातली प्रत्येक भिंत आणि फरशी डिसइन्फेक्ट करायची काहीच गरज नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं होतं की दूषित सरफेसला हात लागून कोरोना होण्याची शक्यता प्रत्येक स्पर्शामागे साधारण १० हजारात १ पेक्षाही कमी आहे, आणि बहुतेक वेळा नुसतं धुणं पुरेसं आहे. मग कुठे लागतं? जिथे आजारी माणूस आहे, जिथे रक्त, उलटी किंवा जुलाब सांडलेत, जिथे कच्चं मांस ठेवलं होतं, टॉयलेटचं बटण आणि नळ, आणि ज्या जागी अनेकांचे हात लागतात. हॉस्पिटलमध्येही हाच विचार चालतो. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी वस्तूंचे तीन गट केले होते: शरीराच्या आत निर्जंतुक भागात जाणारी वस्तू स्टराइल हवी, तोंड किंवा श्वासनलिकेसारख्या ओल्या त्वचेला लागणारी असेल तर हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, आणि फक्त अखंड त्वचेला लागणाऱ्या पलंगाच्या दांड्यासारख्या वस्तूला त्याहून कमी चालतं.

जंतूंमध्येही चिवटपणाचा क्रम असतो आणि तो थोडा उलटा वाटतो. चरबीचं आवरण असलेले व्हायरस सगळ्यात आधी मरतात. त्यांच्यानंतर साधारणपणे नेहमीचे बॅक्टेरिया आणि बुरशी. उलटी-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारखे आवरण नसलेले व्हायरस जास्त चिवट. मग टीबीचे बॅक्टेरिया, त्यांची भिंत मेणासारखी असते. आणि त्याच्याही वर स्पोअर्स, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या जुलाब करणाऱ्या बॅक्टेरियाचे, जे अल्कोहोलला दाद देत नाहीत. म्हणून घरात उलटी जुलाबाची साथ असेल तर हाताचं सॅनिटायझर फरशीवर आणि नळावर मारत बसू नका, तिथे ब्लीचच लागतं.

आता कोणतं केमिकल कसं आहे ते. अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात चांगलं चालतं, शुद्ध अल्कोहोल नाही, कारण प्रोटीन बिघडवायला थोडं पाणी लागतं आणि शुद्ध अल्कोहोल भर्रकन उडूनही जातं. छोट्या वस्तू, बटणं यांना छान, मोठ्या फरशीला नको, शिवाय पेट घेतं. क्वाट म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड वगैरे, वास कमी, धातूला त्रास कमी, पण सुती फडकं क्वाट स्वतःच शोषून धरून ठेवतं आणि सरफेसपर्यंत पुरेसं पोचतच नाही, म्हणून सिंथेटिक फडकं घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के चांगलं, शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो, पण रक्तावर टाकलं की रक्तातलं कॅटालेज एन्झाइम त्याला तिथल्या तिथे फोडतं आणि तो सगळा फेस म्हणजे वाया गेलेलं पेरॉक्साइड. व्हिनेगर क्षार काढायला उत्तम आहे पण त्याला डिसइन्फेक्टंट समजू नका.

ब्लीच: हिशोब एकदा शिकून घ्या

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पाण्यात त्यातून हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं आणि मारण्याचं मुख्य काम तेच करतं, त्याच्यावर भार नसल्यामुळे ते जंतूच्या भिंतीतून सहज आत शिरतं. १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या याच कुटुंबातलं क्लोरिनेटेड लाइम प्रसूतिवॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातांसाठी आणलं, आणि निवडलं ते वासावरून, शवविच्छेदनानंतर हाताला येणारा वास साबणाने जात नव्हता आणि याने जात होता. त्या वॉर्डातला बाळंतिणींचा मृत्युदर एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर होता, जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला, आणि जंतू आजार करतात हे तेव्हा अजून मान्यही झालं नव्हतं.

ब्लीचचा स्वभाव असा आहे की ते समोर जे येईल त्याच्यावर तुटून पडतं. जंतू असो, रक्त असो, वाळलेलं अन्न असो. मळ असला की क्लोरीन मळावरच खर्च होतो आणि जंतूंसाठी उरत नाही. आधी धुवा हे मी सारखं का म्हणतोय त्याचं कारण हेच.

हिशोब सोपा आहे. हवी असलेली टक्केवारी गुणिले एकूण पाणी मिलीमध्ये, भागिले बाटलीवरची टक्केवारी. नेहमीच्या डिसइन्फेक्शनला ०.१ टक्के म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) पुरतं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ लिटरसाठी ०.१ गुणिले १००० भागिले ५, म्हणजे २० मिली ब्लीच आणि बाकी ९८० मिली पाणी. बाटली ४ टक्क्यांची असेल तर २५ मिली. रक्त किंवा मोठी उलटी जुलाब असेल तर ०.५ टक्के, म्हणजे ५ टक्क्यांच्या बाटलीतून १०० मिली आणि ९०० मिली पाणी. अन्न थेट ठेवतो त्या जागेला, धुवून झाल्यावर, २०० पीपीएमच्या वर जाऊ नका, म्हणजे त्याच बाटलीतून १ लिटरला फक्त ४ मिली. अंदाजाने ओतू नका, मोजा. जास्त घट्ट केलं की जास्त सुरक्षित होत नाही, फक्त डोळे झोंबतात आणि धातू खराब होतो.

पाणी गार घ्या, गरम पाण्यात ब्लीच विघटन पावतं. पातळ केलेलं रोजच्या रोज ताजं बनवा. मूळ बाटलीही उन्हात आणि उष्णतेत हळूहळू कमजोर होत जाते, म्हणून तारीख बघा, आणि वर्षभर माळ्यावर पडलेल्या बाटलीवर लिहिलेली टक्केवारी खरी मानू नका.

पायरी ८: ओलं राहू द्या

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. प्रत्येक डिसइन्फेक्टंटच्या लेबलवर एक वेळ लिहिलेली असते, काहींची १ मिनिट, काहींची १० मिनिटं, आणि तेवढा वेळ सरफेस डोळ्यांना दिसेल असा ओला राहायला हवा. वाळला की काम थांबलं.

साध्या पाण्यावर प्रयोग करून बघा. टेबलावर ओलं फडकं फिरवा आणि घड्याळ लावून बसा. पंखा चालू असेल तर पाण्याचा पातळ थर काठाकडून आत आत सरकत जातो, मधे बेटं उरतात, आणि थोड्याच वेळात सगळं कोरडं. लेबलवर १० मिनिटं लिहिलंय आणि इथे दोन मिनिटं पण टिकत नाही हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढच्या वेळी हात आपोआप जास्त ओलं करतो. पंखा बंद करा, दुसरा हात मारा, गरज पडली तर तिसरा. आणि वेळ संपायच्या आधी कोरड्या फडक्याने पुसायचा मोह टाळा.

पायरी ९: फडकं कसं चालवायचं

फडकं एकदा आडवं एकदा उभं दुमडा, म्हणजे चार घड्या होतात आणि दोन्ही बाजू धरून आठ स्वच्छ तोंडं मिळतात. एक तोंड एका जागेला, मग उलटा. स्वच्छ भागाकडून घाणीकडे, वरून खाली, आणि इंग्रजी एस अक्षरासारखं वळत पुढे पुढे जायचं, पुसलेल्या भागावर परत यायचं नाही. गोल गोल फिरवलं की मळ फक्त जागा बदलतो. वापरलेलं फडकं पुन्हा त्याच द्रावणात बुचकळायचं नाही, नाहीतर थोड्या वेळाने बादलीतलं पाणीच सगळीकडे लावत फिरता. टॉयलेटचं फडकं आणि किचनचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवा, म्हणजे घाईतही चूक होत नाही. मायक्रोफायबरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, धागे बुजतात.

काही अवघड जागा

रक्त किंवा उलटी सांडली तर आधी ग्लोव्ह्ज, मग वर कागदी टॉवेल टाका, शोषू द्या, कडेकडून मधे गोळा करत उचला आणि पिशवी बांधून टाका. मग डिटर्जंट, पाणी, आणि मग ०.५ टक्क्याचं ब्लीच दहा मिनिटं. उलटीवर व्हॅक्युम लावू नका, कण हवेत उडतात, आणि नोरोव्हायरसला आजारी पाडायला अगदी थोडे कण पुरतात. जेवढं दिसतंय त्याच्या आजूबाजूलाही लांबपर्यंत पुसा.

नळाच्या बुडाशी, सिंकच्या जाळीखाली बोट लावलं की बुळबुळीत लागतं, ते म्हणजे बायोफिल्म. बॅक्टेरिया स्वतःभोवती चिकट जाळं विणून त्यात राहतात आणि सुट्या बॅक्टेरियांपेक्षा कितीतरी जास्त डोस पचवतात. वरून ब्लीच ओतलं तर वरचा थर मरतो, खालचे सुखरूप. इथे ब्रशच लागतो. घासून जाळं तोडा, धुवा, मग ब्लीच, आणि नंतर ती जागा कोरडी राहील असं बघा, कारण ओल असेल तर ते परत येणारच.

बुरशीचंही तेच, पाणी कुठून मुरतंय ते शोधल्याशिवाय काहीच टिकत नाही. कडक सरफेसवर आधी ओली करून डिटर्जंटने घासा, कोरडी घासू नका, स्पोअर्स उडतात, आणि मास्क लावा. जिप्सम बोर्ड किंवा छताच्या टाइलमध्ये मुरली असेल तर तो तुकडाच बदलावा लागतो. नुसती मारून जागेवर ठेवली तर मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते.

पायरी १०: वाळवा आणि तपासा

पूर्ण वाळू द्या, मगच वस्तू परत ठेवा. मग खोली थोडी अंधारी करून टॉर्च सरफेसला जवळजवळ समांतर धरा, समोरून बघताना न दिसणारी धूळ, ओघळ, बोटांचे ठसे सगळे उठून दिसतात. काच किंवा धातू असेल तर स्वच्छ पाण्याचा पातळ थर सोडून बघा. थर अखंड पसरून राहिला तर तेल गेलंय, थेंब थेंब होऊन तुटला तर अजून ओशटपणा आहे. धातूवर कोटिंग करणारे लोक हीच टेस्ट वापरतात. प्लास्टिकवर, मेण लावलेल्या सरफेसवर ही चालत नाही, तिथे पाणी तसंही आकसतं. हॉस्पिटल आणि फूड फॅक्टरीत एटीपी मीटर असतो, एटीपी म्हणजे जिवंत पेशींमधला ऊर्जेचा रेणू, काजव्यात असतं ते ल्युसिफरेज एन्झाइम त्यात एटीपीशी भिडून उजेड देतं आणि तो उजेड मोजला जातो. किती सेंद्रिय मळ उरलाय ते त्यातून कळतं, पण व्हायरसमध्ये स्वतःचं एटीपी नसतं, त्यामुळे व्हायरसबद्दल तो काहीच सांगत नाही.

टेस्टमध्ये डाग किंवा ओशटपणा दिसला तर लगेच जास्त स्ट्राँग बाटलीकडे धावू नका. पाचव्या पायरीवर परत जा आणि चारपैकी एकच गोष्ट बदला, आधी वेळ दुप्पट करा, नाही गेलं तर पाणी कोमट करा (प्रोटीनचा डाग नसेल तर), मग ब्रश बदला, आणि एवढं करूनही गेलं नाही तरच केमिकल बदला, कारण तेव्हा बहुतेक मळाची जातच ओळखताना चुकलेली असते, तेलकट समजून घासत होतो तो क्षारांचा थर निघतो. आणि पुन्हा धुतलंत तर डिसइन्फेक्टंटही पुन्हा लावायचं, पूर्ण वेळ.